मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची मुलाखत आणि नोकरीचं पहिलं वर्ष: पायरीपायरीने

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांपैकी काही जण तुम्हाला कधी भेटलेलेच नसतात. गूगलमध्ये प्रत्येक मुलाखतकार आपला लेखी अहवाल देतो आणि उमेदवाराला न भेटलेली एक समिती ते सगळे अहवाल वाचते. ॲमेझॉनमध्ये ‘बार रेझर’ म्हणून एक मुलाखतकार मुद्दाम दुसऱ्या टीममधून आणतात. त्याचा ठाम नकार भरती करणारा मॅनेजर एकटा फिरवू शकत नाही. तपशील कंपनीनुसार बदलतात, पण निर्णय कागदावरून होतो. म्हणून तयारी करताना सतत एकच प्रश्न विचारायचा: समोरच्याच्या टिपणात काय उतरेल? डोक्यात बरोबर असलेलं पण तोंडातून न निघालेलं त्या अहवालात येत नाही. नोकरी लागल्यावरही हेच चालू राहतं. डिझाइनची मंजुरी, कोड रिव्ह्यू (सहकाऱ्याने तुमचा कोड तपासणं), बढती, सगळं लिहिलेल्या मजकुरावर ठरतं.

## रेझ्युमे आणि पहिला फोन

रेझ्युमे एक पानाचा ठेवा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय बदललं, कशामुळे, आणि किती. ‘पेमेंट सेवेवर काम केलं’ या ओळीतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘पेमेंट सेवेतल्या एका क्वेरीला योग्य इंडेक्स लावून ९९व्या पर्सेंटाइलचा प्रतिसाद ९०० मिलिसेकंदांवरून १८० वर आणला’ (म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्यांना जास्तीत जास्त एवढा वेळ लागतो) या ओळीतून कामाचा आकार दिसतो. पण आकडा लिहिला की तो कसा मोजला हे विचारलं जातंच. मोजणी सांगता येणार नसेल तर तो आकडा काढून टाका.

ओळखीच्या इंजिनिअरकडून रेफरल (कंपनीच्या आतून केलेली शिफारस) मिळालं तर रेझ्युमे माणसाच्या नजरेस पडण्याची शक्यता वाढते. त्यापुढच्या राउंडमध्ये त्याचा उपयोग होत नाही. रेफरल मागताना नेमक्या जागेचा क्रमांक आणि स्वतःबद्दल तीन ओळी तयार करून पाठवा, म्हणजे त्या माणसाला फक्त चिकटवायचं काम उरतं.

रिक्रूटरचा पहिला फोन साधारण २० ते ३० मिनिटांचा असतो. त्यात न लाजता विचारून घ्या: एकूण राउंड किती आणि कशाचे, कोणत्या लेव्हलसाठी (हुद्द्याच्या श्रेणीसाठी) विचार चालू आहे, कोड कुठे लिहायचा (चालवता येतो की नुसता एडिटर आहे), एआय सहायक वापरायला परवानगी आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीगणिक वेगळं असतं. परवानगी नसताना लपून वापरलं आणि लक्षात आलं तर तिथेच प्रक्रिया संपते, म्हणून हे आधीच स्पष्ट करून घेतलेलं बरं. पगाराच्या अपेक्षेचा आकडा मात्र या फोनवर देऊ नका. लेव्हल ठरण्याआधी दिलेला आकडा बहुधा तुमच्याच विरोधात जातो.

## कोडिंगची तयारी: आठ ते दहा आठवडे

रोज दीड तास मिळत असेल तर आठ ते दहा आठवडे पुरतात. क्रम असा ठेवा: ॲरे आणि हॅशमॅप, टू पॉइंटर आणि स्लायडिंग विंडो, बायनरी सर्च, स्टॅक आणि क्यू, ट्री, ग्राफ (बीएफएस म्हणजे रुंदीने शोध, डीएफएस म्हणजे खोलीने शोध, टोपोलॉजिकल सॉर्ट), हीप, बॅकट्रॅकिंग, आणि सगळ्यात शेवटी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. बरेच जण डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या धास्तीने तिथूनच सुरुवात करतात आणि ग्राफ कच्चा राहतो. प्रत्यक्ष मुलाखतीत हॅशमॅप, ट्री आणि ग्राफ यांच्याशी गाठ जास्त पडते.

एकूण १०० ते १५० प्रश्न नीट केले तर पुरे. नीट म्हणजे असं: ३० ते ३५ मिनिटं स्वतः झगडा, नाही सुटला तर उत्तर वाचा, बंद करा आणि न बघता लिहून काढा, दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. सोबत चुकांची वही ठेवा. ‘रिकामी यादी विसरलो’, ‘विझिटेड (इथे येऊन गेलो) ही खूण क्यूमध्ये टाकताना करायला हवी होती, काढताना केली’ अशा नोंदी. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्याच त्या चार-पाच चुका फिरून येताना दिसतात. ५०० प्रश्न वरवर सोडवणाऱ्यापेक्षा ही वही भरणारा पुढे जातो, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत पाच-सहा सराव मुलाखती द्या, दुसऱ्या माणसासमोर, घड्याळ लावून, बोलत. एकट्याने गप्प बसून सोडवणं आणि बोलता बोलता लिहिणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

## कोडिंगची ४५ मिनिटं

पहिली ५ मिनिटं ओळखीत जातात, शेवटची ५ तुमच्या प्रश्नांसाठी. उरली ३५. त्यांची वाटणी अशी करा: प्रश्न समजून घ्यायला ५, मार्ग ठरवायला ७, कोडला १५, तपासायला ५ ते ८. काही कंपन्या एवढ्यातच दोन प्रश्न विचारतात. तिथे प्रत्येक टप्पा निम्म्यावर आणावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. ‘विनंत्यांच्या वेळा सेकंदांत दिल्या आहेत. कोणत्याही ३०० सेकंदांच्या खिडकीत जास्तीत जास्त किती विनंत्या आल्या?’

पहिलं पाऊल म्हणजे प्रश्न विचारणं. यादी वेळेनुसार लावलेली आहे का? एकाच सेकंदाला दोन विनंत्या असू शकतात का? यादी रिकामी असेल तर काय परत करायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खिडकीचं टोक आत धरायचं की बाहेर? समजा वेळा ०, १००, २९९, ३००, ६०० आहेत. टोक बाहेर धरलं तर उत्तर ३ येतं. आत धरलं तर ० पासून ३०० पर्यंत ४ विनंत्या बसतात. हा प्रश्न न विचारता कोड लिहिणाऱ्याचं उत्तर नशिबावर सुटतं. विचारणाऱ्याच्या नावापुढे मात्र टिपणात ‘संदिग्धता स्वतः ओळखली’ असं लिहिलं जातं.

दुसरं पाऊल: साधा मार्ग आधी मोठ्याने सांगा. प्रत्येक वेळेपासून पुढे मोजत जायचं, म्हणजे एन नोंदी असतील तर सगळ्यात वाईट स्थितीत एन वर्ग क्रिया. मग आकडा लावा. साध्या क्रिया सेकंदाला सुमारे १० कोटी होतात असं धरलं, तर १० लाख नोंदींना एन वर्ग म्हणजे १ लाख कोटी क्रिया, जवळजवळ पावणेतीन तास. सॉर्ट करून दोन पॉइंटर (यादीत पुढे सरकणाऱ्या दोन खुणा) चालवले तर एन लॉग एन म्हणजे सुमारे २ कोटी क्रिया, सेकंदाच्या आत. यादी आधीच लावलेली असेल तर नुसतं एन. हे सगळं बोलायला एक मिनिट लागतं, आणि मार्ग का बदलला हे अहवालात आपोआप उतरतं. यानंतर ‘या मार्गाने कोड लिहू का?’ असं विचारा. समोरच्याने हो म्हटल्याशिवाय कीबोर्डला हात लावू नका. इथे तो हलकेच दुसरीकडे वळवत असेल तर ती सूचना असते, ती ऐका.

तिसरं, कोड. नावं अर्थाची द्या: ‘डावं टोक’, ‘उजवं टोक’, ‘कमाल’. दर ओळीचं धावतं वर्णन करायची गरज नाही. निर्णय असेल तिथेच बोला. ‘टोक बाहेर धरायचं ठरलं, म्हणून फरक ३०० किंवा जास्त झाला की डावं टोक पुढे सरकवतो.’ अडकलात तर दोन मिनिटांहून जास्त गप्प राहू नका. कुठे अडलं ते सांगा. त्यावर मिळालेल्या इशाऱ्याने थोडे गुण जातील, पण शांततेत गेलेली दहा मिनिटं कोणीच भरून देत नाही.

चौथं पाऊल बहुतेक जण गाळतात: ‘झालं’ म्हणायच्या आधी स्वतः तपासणं. वरच्याच पाच वेळा घेऊन व्हेरिएबलच्या किमती लिहीत चला. मग रिकामी यादी, एकच नोंद, सगळ्या नोंदी एकाच सेकंदाच्या. पूर्णांकाच्या मर्यादेकडेही बघा. ३२ बिटांत २१४,७४,८३,६४७ च्या पुढे बेरीज गेली की ती ऋण होते. जावाच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला निर्देशांक काढताना नेमकी हीच चूक होती आणि ती २००६ साली चव्हाट्यावर आली. इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडात ती इतकी वर्षं टिकली, तेव्हा घाईच्या ३५ मिनिटांत तुमच्या कोडात काहीतरी राहिलेलं असणारच हे गृहीत धरा. चूक मुलाखतकाराने दाखवण्याआधी तुम्ही पकडली तर ती जमेच्या बाजूला जाते.

## सिस्टिम डिझाइन

या राउंडमध्ये एखादी मोठी यंत्रणा कशी उभी कराल ते विचारतात. नवख्या उमेदवारांना हा राउंड बहुधा नसतो. अनुभवी उमेदवारांची लेव्हल मात्र मुख्यतः इथेच ठरते. वेळ ४५ ते ६० मिनिटं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रश्न ऐकताच यंत्रणेच्या घटकांचे चौकोन काढायला घेणं.

प्रश्न समजा ‘सूचना पाठवणारी यंत्रणा’ असा आहे. पहिली ५ ते ८ मिनिटं व्याप्ती ठरवण्यात घाला. कोणत्या सूचना: फोनवरच्या, ईमेल, एसएमएस? उशीर किती चालेल? सूचना दोनदा गेली तर चालेल का, की हरवली तर चालेल? शेवटच्या प्रश्नावर अर्धं डिझाइन उभं राहतं.

मग अंदाज. १० कोटी वापरकर्ते, प्रत्येकी दिवसाला ५ सूचना, म्हणजे ५० कोटी. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणून सेकंदाला सरासरी सुमारे ५,८००. गर्दीच्या वेळी पाचपट धरा, जवळपास ३०,०००. एका नोंदीला ५०० बाइट धरले तर दिवसाला २५० गिगाबाइट. ९० दिवस ठेवायच्या आणि तीन प्रती, म्हणजे ६७.५ टेराबाइट. आकडा काढून सोडून देऊ नका, त्यातून निष्कर्ष काढा: एवढा साठा आणि लिहिण्याचा वेग एका डेटाबेसवर नको, म्हणून वापरकर्त्याच्या ओळख क्रमांकावर शार्डिंग (डेटा अनेक डेटाबेसांत वाटणं). निष्कर्षाविना केलेला गुणाकार म्हणजे वाया गेलेली तीन मिनिटं.

त्यानंतर मुख्य मार्ग काढा: विनंती घेणारी एपीआय (इतर प्रोग्रॅमसाठीचं दार), रांग, रांगेतून उचलून पाठवणारे वर्कर (प्रोग्रॅम), सूचना प्रत्यक्ष पोहोचवणारे बाहेरचे पुरवठादार, स्थिती साठवणारा डेटाबेस. हे चित्र जवळजवळ सगळेच काढतात. फरक पडतो तो ‘काय बिघडेल’ या भागात, म्हणून निम्मा वेळ त्यासाठी राखा.

जाहिरातीच्या सूचना आणि लॉगिनचे ओटीपी एकाच रांगेत असतील तर मोठी जाहिरात सुटली की ओटीपी मागे अडकतात आणि मुदत संपल्यावर पोहोचतात. रांगा वेगळ्या हव्यात, वर्करही वेगळे. वर्करने सूचना पाठवली आणि ‘झाली’ अशी नोंद करण्याआधी तो बंद पडला तर रांग तीच सूचना पुन्हा देते. म्हणून प्रत्येक सूचनेला एकमेव किल्ली द्यायची आणि पाठवण्याआधी ती तपासायची. एवढं करूनही बाहेरच्या पुरवठादाराने तीच किल्ली ओळखली नाही तर क्वचित दुहेरी सूचना जाईलच, हेही सांगून टाका. पुन्हा प्रयत्न करताना दर खेपेला थांबा दुप्पट करा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळा. नाहीतर पुरवठादार सावरला रे सावरला की सगळे वर्कर एकदमच त्याच्यावर तुटून पडतात. आणि प्रयत्नांचा गुणाकार लक्षात ठेवा: तीन थर एकावर एक, प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करतो, तर तळाच्या सेवेवर एका विनंतीच्या २७ होतात. पुन्हा प्रयत्न एकाच थरात ठेवायचा तो याचसाठी. इतकं करूनही न गेलेल्या सूचना वेगळ्या रांगेत टाका, म्हणजे त्या मूळ रांग अडवणार नाहीत.

प्रत्येक निवडीसोबत तिची किंमतही बोला. ‘मी काफ्का घेईन’ (काफ्का हे अशा रांगांसाठीचं एक सॉफ्टवेअर) एवढं म्हणून थांबलात तर पुढचा प्रश्न ‘का?’ असाच येणार.

## वर्तनाचा राउंड

याला हलकं समजून लोक नापास होतात. कामातले ६ ते ८ प्रसंग आधी लिहून काढा: मतभेद, अपयश, अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय, मुदत चुकली तो प्रसंग, दुसऱ्याला मदत, कोणी न सांगता हाती घेतलेलं काम. प्रत्येकासाठी परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, काय निष्पन्न झालं. बोलायला दोन ते तीन मिनिटं, त्यातली निम्म्याहून जास्त ‘मी काय केलं’ यावर. आपल्याकडे श्रेय वाटून घ्यायची सवय असते आणि ती चांगलीच आहे. पण सगळं ‘आम्ही केलं’ असं सांगितलं तर अहवालात तुमचं काम दिसत नाही. टीमने काय केलं ते एका वाक्यात सांगा, मग ‘त्यात माझा भाग असा’ म्हणून पुढे जा. अपयशाच्या प्रश्नाला खरं अपयश सांगा, ज्याने काहीतरी बिघडलं होतं असं.

## ऑफर आली की

आधी लेव्हल बघा, मग रक्कम. अपेक्षेपेक्षा एक लेव्हल खाली ऑफर येणं नेहमीचं आहे. ती वर न्यायची विनंती सही करण्याआधीच करता येते, नंतर बढतीचीच वाट पाहावी लागते. मूळ पगार, बोनस, शेअर आणि रुजू होण्याची एकरकमी रक्कम वेगवेगळी मांडा. शेअर चार वर्षांत मिळतात, पण कसे? कुठे दरवर्षी २५ टक्के, तर कुठे पहिल्या वर्षी ५, दुसऱ्या वर्षी १५ आणि शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकी ४० टक्के. दुसऱ्या प्रकारात दोन वर्षांत सोडलं तर हाती फक्त पाचवा हिस्सा येतो. दुसरी लेखी ऑफर असेल तर घासाघीस सोपी होते; नसेल तर खोटी सांगू नका.

## पहिले ९० दिवस

पहिल्या आठवड्यात एक छोटा बदल शेवटपर्यंत न्या, त्रुटी दाखवणाऱ्या संदेशातलं शुद्धलेखन सुधारण्याचा असला तरी चालेल. त्यातून बिल्ड, चाचण्या, रिव्ह्यू आणि डिप्लॉयमेंट (बदल प्रत्यक्ष वापरात सोडणं) ही सगळी वाट पायाखालून जाते. वाटेत सेटअपच्या पानावर जे जे जुनं सापडेल ते लगेच दुरुस्त करा. महिन्याभराने तुम्हालाही त्याची सवय होईल आणि ते दिसणार नाही.

महिन्याच्या आत मॅनेजरला थेट विचारा: ‘सहा महिन्यांनी माझं काम चांगलं झालं असं तुम्ही कशावरून म्हणाल?’ उत्तर लिहून घ्या आणि त्यांना परत पाठवा.

अडलात तर ३० मिनिटं स्वतः शोधा, मग विचारा. विचारताना काय करायचं होतं, काय करून पाहिलं, नेमका कोणता संदेश आला, हे तिन्ही द्या, आणि शक्यतो टीमच्या सामायिक चॅनेलवर. खाजगीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या नवख्याला सापडत नाही.

## कोड रिव्ह्यू

बदल लहान ठेवा. २०० ओळींच्या आसपास असेल तर रिव्ह्यू करणारा खरंच वाचतो. १,५०० ओळी झाल्या की ‘ठीक दिसतंय’ एवढंच हाती येतं. कोडची नुसती फेरमांडणी आणि वर्तनातला बदल एकाच खेपेत मिसळू नका, कारण नंतर बिघाड झाला तर काय मागे घ्यायचं ते कळत नाही. वर्णनात ‘का’ लिहा. ‘काय’ तर कोडच सांगतो. दुसऱ्याचा बदल तुमच्याकडे आला तर एका कामाच्या दिवसाच्या आत निदान पहिला प्रतिसाद द्या. टिप्पणीत सक्तीचं काय आणि सुचवणी काय हे वेगळं दाखवा, नाहीतर समोरचा एका व्हेरिएबलच्या नावावर अर्धा दिवस घालवतो.

## ऑन-कॉल

ऑन-कॉल म्हणजे सेवा बिघडली की कोणत्याही वेळी धावून जायची पाळी. महिन्यात ९९.९ टक्के उपलब्धता कबूल केली असेल तर ३० दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद बंद राहायची मुभा आहे. ९९.९९ टक्क्यांना ती सुमारे ४ मिनिटं १९ सेकंदांवर येते. रात्री अलर्ट वाजून माणूस लॅपटॉप उघडेपर्यंतच एवढा वेळ जातो. म्हणजे तिथे माणसावर विसंबून चालत नाही. आपोआप मागे फिरणारी यंत्रणाच हवी.

पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तपासा: सगळे ॲक्सेस चालतात का, रोलबॅक (सोडलेला बदल मागे घेणं) कसा करायचा ते स्वतः एकदा करून पाहिलंय का, दुसऱ्या फळीत कोण आहे. अलर्ट आला की आधी ‘घेतला’ अशी पोच द्या. मग वापरकर्त्यांवर किती परिणाम आहे ते बघा. तिसरा प्रश्न: गेल्या काही तासांत काय बदललं? बदल सापडला तर मूळ कारण शोधत बसू नका, आधी मागे घ्या. नव्या माणसाची हमखास चूक इथे होते. कुतूहलापोटी तो कारण शोधत राहतो आणि वापरकर्ते ताटकळतात. १५ मिनिटांत दिशा सापडली नाही तर दुसऱ्या फळीला उठवा. उगाच उठवलं म्हणून कोणी रागावत नाही, उशिरा उठवलं तर मात्र प्रश्न येतात. आणि जे कराल ते वेळेसकट चॅनेलवर लिहीत चला. सकाळी अहवाल लिहिताना आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही.

बदल सोडतानाही टप्प्यांनी सोडा: १ टक्का, १०, ५०, १००, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून आलेख बघा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष कॉन्फिगरेशन अपडेट असे टप्पे न पाळता गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. कोडला टप्पे आणि कॉन्फिगरेशन मात्र थेट सगळीकडे, ही विषमता अनेक टीममध्ये आजही असते. तुमच्या टीममध्ये आहे का, ते पहिल्याच महिन्यात शोधा.

बिघाडानंतरच्या पोस्टमॉर्टेममध्ये व्यक्तीचं नाव न घेता यंत्रणेत काय कमी पडलं ते लिहितात. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एसथ्री ही डेटा साठवणारी सेवा एका प्रदेशात काही तास बंद पडली. ठरलेल्या पायऱ्या पाळून थोडे सर्व्हर काढताना कमांडमध्ये एक मूल्य चुकलं आणि अपेक्षेपेक्षा बरेच जास्त सर्व्हर निघाले. नंतरचा उपाय त्या साधनातच झाला: सर्व्हर हळूहळूच काढले जातील, आणि किमान क्षमतेच्या खाली नेणारी कमांड नाकारली जाईल. तुमच्या अहवालात ‘पुढच्या वेळी काळजी घेऊ’ हा उपाय दिसला तर तो खोडा आणि असा काहीतरी बदल लिहा, ज्याला एक जबाबदार माणूस आणि एक तारीख आहे.

## मूल्यमापन

वर्षातून एकदा किंवा दोनदा तुमच्या कामाचा आढावा होतो आणि रेटिंग अनेक मॅनेजरांच्या एकत्र बैठकीत ठरतं. तुम्ही तिथे नसता. तुमचा मॅनेजर तिथे जे वाचून दाखवणार, तो मजकूर तुम्हीच पुरवायचा असतो. दर शुक्रवारी १५ मिनिटं काढा आणि एका फाइलमध्ये लिहा: काय पूर्ण केलं, त्याने कोणता आकडा बदलला, कोणाला मदत केली, कोणतं डिझाइन कोणाच्या शंकेमुळे बदललं, आणि प्रत्येकाचा दुवा. बढती हवी असेल तर पुढच्या लेव्हलच्या अपेक्षांचा कागद शेजारी उघडा, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीखाली या फाइलमधले एक-दोन पुरावे चिकटवा. ज्या ओळीखाली काहीच येत नाही, ती घेऊन मॅनेजरकडे जा आणि त्या प्रकारचं काम पुढच्या तिमाहीत मागा.